बाबासाहेबांना घटना समितीत पाठविणाऱ्यांची लेकरे

१९४६ साली मुंबई प्रांतातून परमपूज्य बाबासाहेबांचा घटना समितीचा मार्ग बंद झाला, तेव्हा धावून आले बंगालचे नमःशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल. त्यांच्या प्रयत्नांमुळे बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. पण त्या नमःशूद्र बांधवांचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

फाळणीत त्यांचा बराचसा मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले; परंतु तेथील अल्पसंख्याकांचे हाल पाहून १९५० साली राजीनामा देऊन भारतात आले. पुढील वर्षांत लाखो नमःशूद्रही नेसत्या वस्त्रानिशी आले. सरकारने अनेकांना दंडकारण्याच्या जंगलात वसविले. काही कुटुंबे १९६० नंतर आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात आली. आज गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत त्यांची गावे आहेत. जंगल साफ करून त्यांनी भातशेती उभी केली.

मात्र एक अन्याय अजून तसाच आहे. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. ही यादी राज्यवार असते आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. त्यामुळे अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या आजोबांच्या नातवाला येथे अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. सवलतीचा फॉर्म भरताना तो मुलगा काय लिहिणार?

एका कागदासाठी अडून राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० साली मिळाल्या. चौतीस वर्षे!

ज्या पूर्व पाकिस्तानातून हे लोक आले, तोच आजचा बांगलादेश. तेथे आता ब्रह्मदेशातून आलेले दहा लाखांच्या आसपास रोहिंग्या कॉक्स बझारच्या छावण्यांत राहतात. १९८२ च्या कायद्याने त्यांना नागरिक मानले नाही. ऑगस्ट २०१७ पासून लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक लोक पळून आले. ते मुसलमान, आणि ब्रह्मदेश बौद्धांचा. १९५४ साली बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, म्हणून तो देश आपल्याला जवळचा वाटतो. परंतु तेथील काही भिक्खूंनीच द्वेष पसरविला, हे बौद्ध म्हणून आपण झाकून ठेवू नये. करुणेला धर्माचा दाखला लागत नाही.

बंधू-भगिनींनो, नाशिकहून गडचिरोली म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक. तरीही विहारातील रविवारच्या वंदनेनंतर नमःशूद्रांच्या दाखल्यासाठी एक ठराव करा, त्याखाली सह्या घ्या आणि आपल्या खासदारांना द्या. बाबासाहेबांना घटना समितीत पाठविणाऱ्यांचे एवढे ऋण आपल्यावर नक्कीच आहे.

जयभीम!