सवंगड्यांकडून आलेली भाषा

परदेशात नव्याने आलेलं पाच-सहा वर्षांचं मूल बघता बघता तिथली भाषा बोलू लागतं. आपण त्याचं श्रेय कोवळ्या वयाला देतो, नाहीतर शिक्षकांना. लिली वाँग फिल्मोर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियात जे टिपून ठेवलं, त्यात मात्र खेळगड्यांचा वाटा फार मोठा दिसतो.

मेक्सिकोतून आलेली, स्पॅनिश बोलणारी पाच मुलं त्यांनी निवडली. प्रत्येकाला इंग्रजी बोलणारा एक सोबती दिला. या जोड्या शाळेतल्या खेळण्यांच्या खोलीत खेळायच्या आणि फिल्मोर शालेय वर्षभर त्यांचं बोलणं नोंदवायच्या. त्या खोलीत कुणी काही शिकवत नव्हतं. १९७६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सादर झालेला हा प्रबंध या विषयातला मैलाचा दगड मानला जातो.

पाचांत सर्वांत पुढे गेली ती प्रबंधात नोरा या टोपणनावाने येणारी मुलगी. तिला इंग्रजी बोलणाऱ्या मुलींशी मैत्री हवी होती, म्हणून ती सरळ खेळात शिरायची. बोलणं कळलं नाही तरी कळल्यासारखी वागायची. जवळ भांडवल म्हणजे 'वेट अ मिनिट'सारखी ऐकून उचललेली दोन-चार अख्खी वाक्यं. त्यांतलंच एक होतं 'हाउ डू यू डू दीज?' आधी ते तिच्यासाठी एकसंध होतं, कुठल्याही प्रश्नाला चालणारं. मग त्याच्या शेपटाला ती नवे शब्द जोडू लागली. पुढे 'डू दीज' गळालं आणि त्या जागी वेगवेगळी क्रियापदं आली. नंतर 'डू'चं 'डिड' झालं. पाठ केलेल्या एका वाक्याचे सांधे सुटत गेले आणि त्यातून प्रश्न विचारण्याचं व्याकरण तिच्या हाती लागलं. मुलांच्या भाषेविषयी मी वाचलेल्या नोंदींमध्ये मला ही सर्वांत विलक्षण वाटते.

यात सोबत्यांचंही कौतुक करायला हवं. नव्या मुलाला आपलं बोलणं समजतंय असं ते धरूनच चालत. सोपं बोलत, हातातली वस्तू दाखवत, पुन्हा सांगत. खेळ अडू नये म्हणून ते जे करत होते, तीच उत्तम शिकवणी होती.

लंडनच्या हॅक्नी भागात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. तिथे जमैका, बांगलादेश, नायजेरिया, तुर्कस्तान अशा नाना ठिकाणांहून आलेली कुटुंबं शेजारी राहतात. अनेक मुलं इंग्रजी शिकली ती अशा मित्रांकडून, ज्यांच्या घरीही इंग्रजी नव्हतं. जेनी चेशर आणि पॉल कर्सविल यांनी सहकाऱ्यांसह या मुलांच्या बोलीचा अभ्यास केला. तिच्यात 'ॲन ॲपल'ऐवजी 'अ ॲपल' ऐकू येतं, 'मॅन' हा शब्द कधी 'मी' या अर्थाने येतो. पिढ्यान् पिढ्या लंडनमध्ये राहिलेल्या घरांतली मुलंही मित्रांच्या संगतीने अशीच बोलू लागली, म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी झालं.

याची दुसरी बाजू काळजी करण्यासारखी आहे. १९९१ मध्ये फिल्मोर यांनीच लिहिलं, की फार लहान वयात इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलांची घरची भाषा अनेकदा मागे पडते, आणि मग आईवडिलांशी मनातलं बोलणंच तुटतं. अमेरिकेतल्या मराठी घरांना हे ठाऊक आहे: आई मराठीत विचारते, मुलगा इंग्रजीत उत्तर देतो. उत्तर अमेरिकेत मराठी शाळा आहेत आणि त्या चालवणाऱ्या पालकांविषयी मला मनापासून आदर आहे. पण मधल्या सुट्टीत मुलं आपसांत इंग्रजीच बोलणार, कारण सगळ्यांना सहज येणारी भाषा तीच. म्हणून सुट्टीतल्या आजोळाचं मोल मला फार वाटतं. अंगणात मामेभावाशी क्रिकेट खेळताना 'मी आऊट नव्हतो' हे मराठीतच पटवून द्यावं लागतं. मात्र तो मामेभाऊ इंग्रजी सफाईने बोलणारा असेल, तर दोघंही इंग्रजीतच भांडतील. त्यापेक्षा गल्लीतली मराठीच बोलणारी पोरं खेळायला बोलावलेली बरी.