कोरड्या मातीतील कल्पतरू : शमी

विजयादशमीच्या दिवशी नोएडातील मराठी घरांतून आपट्याच्या पानांचा शोध सुरू होतो. कोणी गावाहून आलेल्या पाहुण्याबरोबर पाने मागवितो, तर कोणी कांचनाच्या पानांवर समाधान मानतो. त्याच दिवशी पूजिल्या जाणाऱ्या शमीची मात्र फारशी आठवण कोणाला होत नाही. वास्तविक शमी हा या परिसराला परका वृक्ष नव्हे. राजस्थानात खेजडी, हरियाणात जांटी आणि ब्रज भागात छोंकर म्हणून ओळखला जाणारा वृक्ष तो हाच. आपल्याकडे त्याला सौंदड असेही म्हणतात.

यमुना आणि हिंडन या दोन नद्यांमधील शेतजमिनीवर १७ एप्रिल १९७६ रोजी नोएडाची स्थापना झाली. नद्यांचे सान्निध्य असले तरी येथील हवामान निमकोरडे आहे. वर्षाचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांतच पडून जातो. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडून उष्ण ‘लू’ वाहते. मे २०२४ मध्ये तर राजधानी परिसरात पारा ४६ अंशांच्याही पुढे गेला होता. अशा ठिकाणी पावसाळ्यात समारंभपूर्वक लावलेली नाजूक शोभेची रोपे पुढच्या मे महिन्यापर्यंत वाळून गेली, तर तो दोष उन्हाचा नसून निवडीचा म्हणावा लागेल. जी जगतात तीही बहुधा टँकरच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यावर. भूजल खालावत असलेल्या शहराला हा खर्च परवडणारा नाही.

शमीचे वेगळेपण तिच्या मुळांत आहे. बी रुजल्यावर पहिली काही वर्षे रोपाची वरची वाढ अगदी मंद असते. पाहणाऱ्याला वाटते, रोप खुरटले. प्रत्यक्षात या काळात त्याचे सोटमूळ ओलाव्याच्या शोधात खोल खोल जात असते. पूर्ण वाढलेल्या शमीची मुळे तीस मीटरहून खोल गेल्याच्या नोंदी आहेत. दीर्घ मुदतीच्या ठेवीसारखाच हा प्रकार. आरंभी हाती काही दिसत नाही, म्हणून मुदतीपूर्वी मोडण्याचा मोह होतो. शेंगवर्गीय असल्याने शमी हवेतील नत्र मुळांवरील गाठींत स्थिर करते. तिची विरळ सावली खालच्या पिकाला जाचत नाही. म्हणूनच मारवाडातील शेतकरी बाजरी व मुगाच्या शेतांत ही झाडे मुद्दाम राखतात. इ. स. १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली गावी याच झाडांसाठी अमृतादेवी आणि तिच्यासह ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले. राजस्थानचा राज्यवृक्ष होण्याचा मानही शमीलाच मिळाला आहे.

रोप विकत घेताना मात्र डोळस राहावे लागते. रोपवाटिकांतून शमी म्हणून कित्येकदा भलतेच झुडूप दिले जाते. ज्याच्या फुलोऱ्याचा अर्धा भाग गुलाबी व अर्धा पिवळा असतो, ती शमी नव्हे. शमीचा तुरा लांबट आणि पिवळसर असतो. दुसरा घोटाळा वेड्या बाभळीचा, म्हणजे विलायती किकरचा. इंग्रजी अमदानीत दिल्लीच्या टेकड्यांवर लावलेल्या या मेक्सिकोकडील वृक्षाने तेथील देशी झाडांना हुसकावून लावले. तिचे काटे पानांच्या पेऱ्यांवर जोडीने येतात, शमीचे पेऱ्यांच्या मधल्या भागात विखुरलेले असतात.

सर्वांत उत्तम म्हणजे बी जागेवरच पेरणे. पिकलेल्या शेंगांतील बी दिवसभर पाण्यात भिजवून पावसाच्या सुरुवातीस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल टोकावे. रोपच लावायचे असेल तर उंच रोपाच्या मोहात पडू नये. लहान पिशवीत वर्ष-दोन वर्षे कोंडलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी गुंडाळले जाते, आणि मग तो वृक्ष जन्मभर वरवरच्या पाण्याचा आश्रित राहतो. लांब पिशवीतील, वीतभर उंचीचे कोवळे रोप अधिक भरवशाचे.

खड्डा दीड फूट लांब, रुंद व खोल असावा. नोएडातील अनेक वसाहतींत मातीखाली बांधकामाचा मलबा पुरलेला असतो. विटांचे तुकडे आणि सिमेंट निघेपर्यंत खोदणे हे खतापेक्षाही महत्त्वाचे काम आहे. खणलेल्या मातीतच तीन-चार किलो कुजलेले शेणखत आणि वाळवीला आळा घालण्यासाठी ओंजळभर निंबोळी पेंड मिसळली की पुरे. युरिया अजिबात नको. आयते नत्र मिळाले की मुळांवरील गाठींचे काम मंदावते. हौस असल्यास जीवामृत करावे: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, प्रत्येकी दोन किलो गूळ व डाळीचे पीठ आणि मूठभर बांधावरची माती, हे मिश्रण दोन दिवस सावलीत आंबवितात. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी लोकप्रिय केलेली ही कृती एका एकराची आहे. दोन-चार झाडांसाठी तिचा विसावा हिस्साही जास्तच होईल.

पाण्यासाठी मातीचे साधे, न रंगविलेले मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे आणि भरून झाकण ठेवावे. पाणी पाझरत जाते व मुळे खालीच त्याचा माग काढतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा मडके भरावे, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याने. तिसऱ्या वर्षानंतर झाडाला त्याच्या नशिबावर सोडावे. रोज झारीने थोडे थोडे पाणी देणारा माळी प्रेमापोटीच मुळे वर आणतो. बुंध्याभोवती वाळक्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्लीत पालापाचोळा जाळण्यास मनाई केली. तोच पाला झाडाखाली राहिला तर ओलही टिकते आणि धूरही टळतो. याच लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्यास सांगितले होते. पदपथालगत लावताना एवढी मोकळी माती राखणे आपल्याच हाती आहे.

शेळ्या-गाईंना शमीचा पाला अतिशय प्रिय. तेव्हा पहिली तीन-चार वर्षे काटेरी कुंपण अपरिहार्य आहे. जागा अधिक असेल तर सोबतीला बोर, हिवर, पळस आणि अर्थातच आपटा लावावा. आपटा अरवलीच्या टेकड्यांवर आपसूक वाढतो. मात्र दसऱ्याला त्याच्या फांद्या ओरबाडण्याऐवजी घरटी दोन पाने खुडावीत.

शमीला उन्हाळ्याच्या तोंडावर, सारे रान करपू लागले असता, नवी पालवी फुटते. मे-जूनमध्ये हिरव्या शेंगा धरतात. याच कोवळ्या शेंगांची ‘सांगरी’ वाळवून मारवाडी घरांत केरांसह भाजी करतात. बियांपासून वाढविलेल्या झाडाला शेंगा यायला बरीच वर्षे लागतात. ज्यांना लवकर हव्या असतील त्यांनी बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने विकसित केलेल्या ‘थार शोभा’ या वाणाचे डोळा भरलेले रोप मागवावे.