अवजड साहसी मोटारसायकल आडवी होणे

अवजड साहसी मोटारसायकल आडवी होणे म्हणजे पक्की सडक आणि कच्ची वाट या दोन्हींसाठी बांधलेली, साधारणतः १८० ते २७० किलोग्रॅम वजनाची दुचाकी उभी असताना किंवा अत्यंत मंद वेगात असताना तोल जाऊन कुशीवर पडणे. वेगात होणाऱ्या अपघातापासून ही घटना वेगळी मानली जाते. मराठीत हा भेद वाक्यरचनेतच दिसतो. ‘गाडी पडली’ आणि ‘गाडीवरून पडला’ ही दोन वाक्ये ऐकणाऱ्याच्या मनात दोन निराळी चित्रे उभी करतात. पहिल्या प्रकारात स्वाराला पुष्कळदा खरचटतही नाही; तथापि वाहनाचे नुकसान, ते उचलताना होणारी दुखापत आणि वस्तीपासून दूर अडकून पडण्याचा धोका यांमुळे ही घटना दिसते तितकी क्षुल्लक नसते.

वाहनाचा प्रकार

या वर्गातील मोटारसायकलींचा आरंभ सामान्यतः १९८० साली बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस या गाडीपासून मानतात. तिचे पेट्रोलसह वजन १८६ किलोग्रॅम होते. पॅरिस-डाकार शर्यतीत या घराण्यातील गाड्यांनी नाव मिळवले. १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षी ही शर्यत बीएमडब्ल्यूवर जिंकणारा बेल्जियमचा गॅस्टन राइए अवघा १६४ सेंटिमीटर उंचीचा होता. गाडीवर बसून त्याचे पाय जमिनीला नीट पुरत नसत, त्यामुळे गाडी चालू करून तिच्याबरोबर सरकतच तो वर चढे. उंची कमी असलेल्यांनी या गाड्यांच्या वाटेस जाऊ नये, हा समज त्याच्या उदाहरणाने खोटा ठरतो. परंतु राइए हा मोटोक्रॉसचा माजी विश्वविजेता होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढील चार दशकांत या गाड्या वाढत गेल्या. त्याच घराण्यातील आर १२५० जीएसचे वजन २४९ किलोग्रॅम, तर तिच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ आवृत्तीचे २६८ किलोग्रॅम आहे. या आवृत्तीची टाकी ३० लिटरची असते. भरलेल्या टाकीतील पेट्रोलच सुमारे २२ किलोग्रॅम भरते आणि ते गाडीच्या वरच्या भागात असते. भारतात हा प्रकार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला तो २०१६ मधील रॉयल एन्फिल्ड हिमालयनमुळे. पुण्याजवळील चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२० मध्ये आली. या गाड्या परदेशी गाड्यांहून हलक्या असल्या, तरी २०२० मध्ये आलेल्या त्या केटीएमची बैठक ८५५ मिलिमीटर उंचीवर होती. सामान्य उंचीच्या स्वाराचे दोन्ही तळपाय तेथून जमिनीवर सपाट टेकत नाहीत, आणि आडवे होण्याचे मूळ पुष्कळदा याच चार बोटांच्या अंतरात असते.

तोल का जातो

चालती दुचाकी तिच्या गतीमुळे आणि पुढच्या चाकाच्या सूक्ष्म हालचालींमुळे उभी राहते. वेग चालण्याइतका कमी झाला की हा आधार संपतो आणि उरलेला तोल स्वाराच्या पायावर येतो. गाडी सरळ उभी असेल तोवर पायावर जवळजवळ भार नसतो, परंतु ती कलू लागली की भार झपाट्याने वाढतो.

समजा, गाडीचे वजन २५० किलोग्रॅम आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि स्वाराने तिला एक मीटर उंचीवर हँडलपाशी धरले आहे. टायरची रुंदी हिशेबात न घेता ढोबळ गणित केल्यास १० अंश कललेली गाडी सावरण्यास सुमारे २६ किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. २० अंशांवर तो ५१ आणि ३० अंशांवर ७५ किलोग्रॅम होतो. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला यातील पहिला जोर पेलतो, दुसरा क्वचित पेलतो, तिसरा पेलतच नाही. म्हणून एका विशिष्ट कलानंतर गाडी सावरण्याचा हट्ट सोडून पाय बाजूला घेणे आणि तिला पडू देणे हेच शहाणपणाचे असते. मोडलेला लिव्हर बदलता येतो. पेटीखाली सापडलेला घोटा बरा होण्यास महिने लागतात.

प्रत्यक्ष प्रसंग बहुधा साधेच असतात. उतारावर वळून थांबताना पाय टेकवण्याच्या जागी खड्डा निघतो. हँडल पूर्ण वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला जातो. साइड स्टँड पुरते न उघडताच स्वार उतरतो, किंवा मऊ जमिनीत स्टँडचे टोक हळूहळू रुतते आणि चहा पिऊन परतेपर्यंत गाडी आडवी झालेली असते.

काळी माती आणि पांदण

नांदेडहून हिंगोली व नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील अर्धापूर हा तालुका केळी आणि हळद या पिकांसाठी ओळखला जातो. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या इसापूर धरणाचे पाणी कालव्यांनी या भागात येते. महामार्गावर अवजड गाडीस काहीच अडचण नसते. ती सुरू होते महामार्ग सोडून शेताच्या पांदणीत उतरल्यावर. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या येथील काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती पुष्कळ असते. ओली झाली की ती टायरच्या खाचांत भरते आणि खाचांचा टायर गुळगुळीत टायरासारखा वागू लागतो. त्यानंतर ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये साचत जाते. मडगार्ड चाकालगत असलेल्या गाडीचे पुढचे चाक अखेरीस फिरायचेच थांबते, आणि जागच्या जागी चाक जखडलेली अडीचशे किलोची गाडी उभी ठेवणे कोणासही कठीण असते.

हा धोका केवळ पावसाळ्यापुरता नाही. कालव्याची पाणीपाळी चालू असताना पांदणी ऐन हिवाळ्यातही ओल्या असतात, आणि ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली माती डांबरी सडकेवर पसरते. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते. तेव्हा वरून टणक दिसणाऱ्या ढेकळात स्टँड रुतू नये म्हणून त्याखाली चपटा दगड किंवा लाकडाचा तुकडा ठेवावा लागतो. सुमारे ११० किलोग्रॅम वजनाची शंभर सीसीची गाडी वापरणारा शेतकरी ती चिखलातून एकट्याने ओढून काढू शकतो, आणि तरीही पाऊस झाल्यावर तो ती पुष्कळदा सडकेलाच लावून पायी शेत गाठतो. पावसाळ्यात सहस्रकुंड धबधबा किंवा माहूरकडे निघालेल्या पर्यटकाला ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

होणारे नुकसान

गाडी कुशीवर पडते तेव्हा प्रथम हँडलचे टोक, पायटा आणि बाजूची पेटी जमिनीस लागतात. त्यामुळे क्लच किंवा ब्रेकचा लिव्हर, आरसा, इंडिकेटर आणि गिअरचा पेडल यांना पहिला मार बसतो. कित्येक लिव्हरांच्या टोकाजवळ मुद्दाम खाच ठेवलेली असते. आघात झाल्यास तेवढेच टोक तुटावे आणि उरलेल्या भागावर काम भागावे, हा तिचा हेतू. अनुभवी स्वार लिव्हरची पकड किंचित सैल ठेवतात. पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. गिअरचा पेडल आत वाकून इंजिनच्या झाकणावर आदळला, तर मात्र नुकसान खोलवर जाते. झाकण ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे असते. त्यास तडा गेला की तेल गळते आणि तेल संपल्यावर इंजिन चालवल्यास ते निकामी होते. वाटेत एपॉक्सी लांबीने तडा बुजवून गाव गाठता येते. कायमच्या दुरुस्तीस अर्गन वेल्डिंग किंवा नवे झाकण लागते.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांत रेडिएटरची नाजूक पाती दगडावर चेपतात व कूलंट गळते. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असल्याने गाडी पूर्ण आडवी न होता त्यांच्यावर टेकते. त्यामुळे ती उचलणे सोपे जाते, मात्र सिलिंडरच्या झाकणास मार बसतो. पेट्या ज्या सांगाड्यावर बसवतात तो मागचा सांगाडाही वाकू शकतो. पोलादी सांगाडा गावातील वेल्डिंगच्या दुकानात जोडता येतो, परंतु त्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडवणे आवश्यक असते, अन्यथा विजेच्या वेल्डिंगने इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जळण्याची भीती असते. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन यांच्या २००४ सालच्या जगप्रवासात मंगोलियातील चिखलवाटांवर लादलेल्या बीएमडब्ल्यू गाड्या वारंवार पडल्या. त्यांच्या छायाचित्रकाराच्या गाडीची फ्रेम तुटली आणि त्याने पुढचा काही टप्पा साध्या रशियन मोटारसायकलीवर पार केला.

न दिसणारे नुकसानही असते. इंजिन आडव्या स्थितीत चालू राहिले तर पंपाला तेल मिळेनासे होते. आधुनिक गाड्यांत कलसंवेदक असतो आणि तो इंजिन आपोआप बंद करतो. नंतर गाडी सुरू होत नाही म्हणून घाबरलेल्या स्वाराने किल्ली एकदा बंद करून पुन्हा फिरवावी. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. गाडी बराच वेळ आडवी राहिल्यास तेल हवागाळणीत उतरते आणि सुरू केल्यावर पांढरा धूर येतो. तो थोड्या वेळाने थांबतो. परंतु ओढ्यात पडलेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तर प्लग काढून पाणी बाहेर टाकल्याखेरीज स्टार्टर दाबू नये. पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

उचलण्याची रीत

पडलेली गाडी ओशाळून घाईघाईने उचलताना पाठीस इजा होते. प्रथम किल्ली बंद करावी, पेट्रोल गळत नाही ना ते पाहावे, तापलेल्या सायलेन्सरपासून हात दूर ठेवावेत आणि पेट्या उतरवाव्यात. गाडी सरकू नये म्हणून ती पहिल्या गिअरमध्ये असावी. उजव्या कुशीवर पडली असल्यास डावीकडील साइड स्टँड आधीच उघडून ठेवावे, म्हणजे उचललेली गाडी पलीकडे कोसळत नाही. त्यानंतर गाडीकडे पाठ करून बैठकीला कंबर टेकवावी, एका हाताने जमिनीकडील हँडल व दुसऱ्या हाताने मागची दांडी धरावी, पाठ ताठ ठेवून केवळ पायांच्या जोराने लहान पावले मागे टाकत जावे. उतारावर चाके वरच्या अंगास असतील, तर आधी गाडी फिरवून ती खालच्या अंगास आणावी लागतात. चिखलात टायर घसरतो व ही रीत एकट्याने साधत नाही. तेथे शेजारच्या शेतातील माणसांना हाक मारणे हाच उपाय असतो.

विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार अनिवार्य असलेला तृतीय पक्ष विमा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीस लागू होत नाही. स्वतंत्र स्वनुकसान संरक्षण घेतलेले असले, तरी प्लास्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि आडव्या झालेल्या गाडीचे बरेचसे तुटलेले भाग नेमके प्लास्टिकचे असतात. ‘शून्य घसारा’ जोडसंरक्षण घेतल्यास ही कपात टळते. दावा न करणाऱ्यास पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. एका दाव्याने ती जाते. त्यामुळे आरसा आणि इंडिकेटर यांसारख्या किरकोळ नुकसानीसाठी बहुतेक स्वार दावा न करता खर्च स्वतःच सोसतात.