विमान 'स्टॉल' होते म्हणजे काय होते?



भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर चढाला लागला आणि क्लच सोडताना जरा घाई झाली, तर काय होते हे तुम्हाला सांगायला नको. दोन गचके बसतात आणि इंजिन बंद पडते. शहरातले ड्रायव्हर याला 'गाडी स्टॉल झाली' म्हणतात. त्यामुळे एखाद्या अपघाताच्या बातमीत 'विमान स्टॉल झाले' असे वाचले की आपण लगेच म्हणतो, "इंजिन बंद पडले असणार, दुसरे काय!"

इथेच आपली गफलत होते. विमानाचा स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. इंजिन पूर्ण जोराने चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते. बंद पडते ते इंजिन नाही, तर पंखाचे काम.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय करायचे आहे हे जाणून? पण आपल्या राज्यात गोंदिया, धुळे अशा ठिकाणी छोट्या विमानांवर मुले-मुली वैमानिक होण्याचे शिक्षण घेतात. त्यांत खेड्यातून गेलेली, घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेली मुलेही असतात. उद्या तुमच्या भावकीतली एखादी पोर फोनवर म्हणाली, "आई, आज आम्ही विमान मुद्दाम स्टॉल केलं," तर त्या माउलीचा जीव घाबरा व्हायचाच. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

पंख विमानाला उचलतो कसा?

बाजाराला जाताना टेम्पोच्या हौद्यात उभे राहून तुम्ही कधी समोरच्या वाऱ्यात हात धरला आहे का? तळहात जमिनीला समांतर धरला तर वारा वरून-खालून निघून जातो. अंगठ्याकडची, म्हणजे पुढची कड थोडी उचलली की हात आपोआप वर जाऊ लागतो. आणखी थोडी उचलली, तर आणखी जोर लागतो. पण कड उचलता उचलता तळहात वाऱ्याला जवळजवळ आडवा झाला, की हात वर जायचे सोडून मागे ढकलला जातो.

विमानाच्या पंखाचे असेच आहे. पंख आणि समोरून येणारा वारा यांच्यामधल्या कोनाला वैमानिक 'अँगल ऑफ अटॅक' म्हणतात. आपण त्याला 'वाऱ्याशी कोन' म्हणू. हा कोन वाढत जातो तशी पंखाची उचल वाढत जाते. पण याला मर्यादा आहे. शिकाऊ विमानांच्या पंखांसाठी ती साधारण १५ ते १६ अंश असते. त्यापलीकडे उचल वाढायची सोडून एकदम घटते. यालाच स्टॉल म्हणतात.

असे का होते? पाण्याचे उदाहरण घ्या. बांधाचा उतार हलका असेल तर पाणी त्याला चिकटून शांतपणे खाली उतरते. उतार तुटका असेल तर पाणी बांध सोडून उडी घेते आणि खाली भोवरे फिरतात. पंखाच्या वरच्या बाजूने जाणारी हवाही कोन बेताचा असेपर्यंत पंखाला धरून वाहते. कोन फार वाढला की ती पंख सोडून देते, मागे नुसते भोवरे उरतात आणि पंखाला विमानाचे वजन पेलवत नाही.

वारा येतो तरी कुठून?

आता एक खुबी लक्षात घ्या. हा कोन जमिनीशी मोजायचा नसतो, वाऱ्याशी मोजायचा असतो. आणि विमानाला लागणारा वारा विमान ज्या दिशेला जात असेल तिच्या उलट बाजूने येतो. विमान सरळ पुढे जात असेल तर वारा समोरून लागतो. पण विमान खाली पडत असेल तर तो खालून लागतो. म्हणजे नाक आकाशाकडे असलेले विमानही जमिनीकडे पडत असू शकते. आत बसलेल्याला मात्र वाटते, नाक वर आहे म्हणजे आपण वर चाललो आहोत.

वेगाचेही तसेच. विमान जितके हळू उडेल, तितका उचल टिकवण्यासाठी कोन वाढवावा लागतो. म्हणून स्टॉल बहुधा कमी वेगात होतो. पण वळणावर तो जास्त वेगातही गाठतो. उंची न सोडता ६० अंश कलून वळताना पंखावर दुप्पट भार येतो आणि ज्या वेगाला स्टॉल व्हायचा तो वेग जवळजवळ १.४ पट होतो. सरळ उडताना ताशी ९० किलोमीटरला स्टॉल होणारे विमान अशा वळणात ताशी १२७ किलोमीटरलाच स्टॉल होईल. पिकावर औषध फवारणाऱ्या विमानाला शेताच्या टोकाला हाच धोका असतो. अंगावर औषधाचा भार, जमीन जवळ, आणि वळायचे तर लगेच.

पहिला धडा जिवावर बेतला

जर्मनीत ओटो लिलिएंथाल नावाचा एक इंजिनिअर होऊन गेला. १८९१ पासून तो स्वतः बनवलेले पंख घेऊन टेकडीवरून हवेत तरंगत असे. त्याने अशी सुमारे दोन हजार उड्डाणे केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचे ग्लायडर हवेत अडखळले, स्टॉल झाले आणि तो सुमारे १५ मीटर उंचीवरून पडला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचे प्राण गेले.

अमेरिकेतल्या राइट बंधूंनी ही हकीकत मनावर घेतली. त्यांनी नाक वर-खाली करणारी छोटी फळी विमानाच्या पुढे बसवली. १९०१ मध्ये विल्बर राइटचे ग्लायडरही स्टॉल झाले, पण ते नाकावर न कोसळता सपाट खाली बसले आणि विल्बर वाचला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, इंजिनाचे विमान उडाले.

विद्यार्थ्याला काय शिकवतात?

आजच्या विद्यार्थ्याला स्टॉल हा सुरुवातीच्या काळातच शिकवला जातो, आणि तो भरपूर उंचीवर. शिक्षक शेजारी बसलेले असतात. आधी आसपास आणि खाली दुसरे विमान नाही ना, हे पाहिले जाते. मग इंजिनाचा जोर कमी करायचा आणि नाक हळूहळू वर धरायचे. वेग उतरतो. सुकाणू ढिले लागते. सेस्ना जातीच्या अनेक छोट्या विमानांत पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असते. कोन धोक्याजवळ आला की तिथून हवा ओढली जाते आणि आत पिपाणी वाजू लागते. तिला विजेचीही गरज नाही. मग विमान थरथरते आणि नाक आपोआप खाली झुकते.

खरी परीक्षा इथेच असते. जमीन समोर दिसू लागली की माणसाचा हात आपसूक सुकाणू पोटाकडे ओढतो. वर जायचे तर नाक वर करा, असे मन सांगते. पण तसे केले तर कोन आणखी वाढतो आणि स्टॉल सुटत नाही. त्यात एक पंख आधी खचला तर विमान गरगर फिरत खाली येते. म्हणून शिक्षक उलटेच शिकवतात. आधी सुकाणू पुढे ढकला, नाक खाली जाऊ द्या, कोन कमी करा. हवा पुन्हा पंखाला धरली की इंजिनाचा जोर द्या, पंख सपाट करा आणि मग हलक्या हाताने वर या. घाईने वर ओढाल तर पुन्हा स्टॉल. यात काहीशे फूट उंची जाते. म्हणूनच धावपट्टीजवळ, कमी उंचीवरच्या वळणात झालेला स्टॉल जिवावर उठतो. सावरायला खाली जागाच उरलेली नसते.

चार मिनिटांची गोष्ट

ही गोष्ट फक्त शिकाऊंची आहे असे समजू नका. ३१ मे ते १ जून २००९ च्या रात्री एअर फ्रान्सचे एक मोठे एअरबस विमान ब्राझीलमधील रिओहून पॅरिसला निघाले होते. आत २२८ माणसे होती. अटलांटिक महासागरावर वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे चुकू लागले आणि आपोआप विमान चालवणारे यंत्र सुटले. विमान हातात आलेल्या सहवैमानिकाने नाक वर ओढले. विमान सुमारे ३८ हजार फुटांवर चढले आणि स्टॉल झाले. 'स्टॉल, स्टॉल' अशी सूचना वाजत होती. वेगाचे आकडे मिनिटाभरातच पुन्हा बरोबर येऊ लागले होते. इंजिने शेवटपर्यंत चालू होती. पण सुकाणू बहुतेक वेळ मागेच ओढलेले राहिले. यंत्र सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रावर आदळले. त्या वेळीही नाक वरच होते. कोणी वाचले नाही.

विमानातली नोंदयंत्रे २०११ मध्ये समुद्राच्या तळातून काढली, तेव्हा हे सारे उलगडले. इतक्या उंचीवर हाताने विमान चालवण्याचा आणि तिथे असा प्रसंग निभावण्याचा सराव त्या सहवैमानिकांना दिलेला नव्हता, असे चौकशीत दिसून आले. त्यानंतर मोठ्या विमानांच्या अनुभवी वैमानिकांनाही स्टॉल ओळखण्याचे आणि त्यातून सुटण्याचे शिक्षण पुन्हा नव्याने देऊ लागले.

तेव्हा मंडळी, मुद्दाम स्टॉल करणे हा शिकाऊंचा आगाऊपणा नव्हे. एकदा समजले आणि तेवढ्यावर भागले, असे यात चालत नाही. घाबरलेला हात मागे ओढतो. तो पुढे जायला हवा असेल, तर त्याला आधी दहा वेळा तशी सवय लावावी लागते. ती सवय शांत सकाळी, भरपूर उंचीवर, शिक्षकाच्या नजरेखालीच लागलेली बरी.

आता तुमच्या ओळखीतल्या त्या पोरीचा फोन आला, तर घाबरू नका. तिला एवढेच विचारा, "बाई, आधी नाक खाली केलंस ना?" तिलाही कळेल, की घरच्यांना आपला अभ्यास समजतो आहे.