एका माणसाला गळ किती?

गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावर एका पाझर तलावावर जाणे झाले. शहरातून आलेले एक गृहस्थ झाडाखाली बसून डबा खात होते आणि त्यांच्या सहा काठ्या बांधावर पन्नास-साठ पावलांच्या अंतरात दगडांमध्ये रोवलेल्या होत्या. तलावाचा ठेका गावच्या मच्छीमार संस्थेकडे आहे. संस्थेचे चेअरमन तावातावाने म्हणाले, "साहेब, बोटुकली आम्ही सोडायची, राखण आम्ही करायची, अन् ह्यांनी सहा-सहा गळ टाकायचे!" गृहस्थ म्हणाले, "मी माणशी पैसे भरलेत. काठ्या किती, हे कुठं लिहिलंय?" पावतीवर खरोखरच काही लिहिलेले नव्हते.

हौशी लोकांना फी घेऊन गळ टाकू देणे हा संस्थेला आणि शेततळेवाल्यालाही चार पैसे देणारा जोडधंदा आहे. पण पावतीवर काठ्यांचा आकडा नसेल तर तंटा ठरलेलाच. शिवाय त्यात माशांचेही नुकसान आहे, आणि ते लवकर ध्यानात येत नाही.

काठी हातात असली की मासा आमिषाला तोंड लावताच झटका देता येतो. गळ ओठात रुततो. मासा लहान निघाला तर गळ सोडवून त्याला परत पाण्यात टाकता येते, आणि तो बहुधा जगतो. काठी सोडून माणूस लांब बसला, तर मासा आमिष पार गिळतो व गळ घशात, आतड्यात जातो. असा मासा परत सोडला तरी बहुतेक वेळा मरतो. म्हणजे पाव किलोचा रोहू, जो पुढच्या वर्षी किलोचा झाला असता, तो फुकट गेला. सहा काठ्यांवर एका माणसाची नजर राहत नाही, हे सांगायला कृषी पदविका लागत नाही!

बाहेरच्या देशांत हा विचार पूर्वीच झालेला आहे. इंग्लंडमध्ये गळाने मासे धरायला सरकारी परवाना लागतो. साध्या माशांसाठी दोन काठ्यांचा परवाना वेगळा, तीन काठ्यांचा वेगळा. नदीत ट्राउट धरायचा तर एकच काठी. एकाहून जास्त काठ्या लावल्या तर पहिल्या व शेवटच्या काठीच्या मुठींमध्ये तीन मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही, आणि गळ पाण्यात टाकून निघून जाणे हा गुन्हा धरला जातो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात गोड्या पाण्यात मुळात एकच काठी. दुसरी हवी तर परवान्यावर जादा पैसे भरायचे. मिनेसोटात उन्हाळ्यात एकच दोरी, पण हिवाळ्यात तळी गोठली की बर्फाला भोक पाडून दोन दोऱ्या सोडता येतात. आपल्याला याचे हसू येईल, पण नियम तिथल्या पाण्याला धरून केलेला आहे.

आपल्या संस्थांनीही आपल्या पाण्याला धरून नियम करावा. माझ्या मते छोट्या तलावावर माणशी दोन काठ्या पुरेत. शेततळ्यावर एकच. पिशवीत चार काठ्या असल्या तरी हरकत घेऊ नये. मोजायच्या त्या पाण्यात दोरी असलेल्या. दोन काठ्यांत चार पावलांपेक्षा जास्त अंतर नको, माणूस उठला की दोरी वर. हे सारे पावतीच्या पाठीवर छापावे आणि राखणदाराला वाचून दाखवावे. तलाव ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की पाटबंधाऱ्याचा, ठेक्याच्या अटी काय आहेत, हे मात्र आधी ग्रामसेवकांकडून किंवा मत्स्यव्यवसाय खात्याकडून पाहून घ्यावे.

मरळीची गोष्ट निराळी. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका दिसला की खाली आई-बाप राखणीला असतात, आणि जवळ आलेल्या बेडकावर ते झडप घालतात. तिथे एक गळसुद्धा जास्त, कारण राखणारे गेले की पिले इतर मासे खाऊन टाकतात. त्या दिवसांत मरळीवर गळ टाकूच देऊ नये.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे तर १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले आहे. गळाला मात्र आपलाच ठराव लागतो.

चेअरमननी पुढच्या सभेत विषय घेतला. दोन काठ्यांवर लगेच एकमत झाले. तिसऱ्या काठीला जादा पैसे घेऊन परवानगी द्यावी का, यावर रात्री दहापर्यंत वाद चालला, आणि तो विषय अजून तसाच आहे.