सिकंदरच्या कुस्तीत ४ गुण की २? कुस्तीत गुण नेमके कसे मिळतात, समजून घ्या

जानेवारी २०२३. पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची फायनल सुरू होती. समोरासमोर होते सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग लावली, सिकंदर खाली गेला आणि पंचांनी महेंद्रला ४ गुण दिले. कुस्ती महेंद्रने जिंकली.

पण खरी कुस्ती त्यानंतर सुरू झाली, मोबाईलवर. काही सेकंदांची ती क्लिप स्लो मोशनमध्ये फिरली. अर्धा महाराष्ट्र म्हणत होता ४ गुण बरोबर, अर्धा म्हणत होता २ च द्यायला हवे होते. पंचांना धमकी आल्याची तक्रार थेट पोलिसांपर्यंत गेली.

दोन वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरमध्ये पुन्हा तेच. गादी विभागाच्या फायनलमध्ये पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असं शिवराजचं म्हणणं होतं. वाद वाढला, त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच रात्री किताबाच्या लढतीत एका गुणावरून नाराज झालेला महेंद्र गायकवाड कुस्ती संपायच्या आधीच मैदान सोडून गेला. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला, शिवराज आणि महेंद्रवर तीन वर्षांची बंदी आली.

२०२३ च्या ४ गुणांचा आणि २०२५ च्या चितपटचा वाद वरवर वेगळा दिसतो. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: पैलवानाची पाठ जमिनीकडे किती वळली होती?

मुळात गुण आले कशाला?

गावच्या जत्रेतल्या मैदानात हिशोब सरळ असतो. समोरच्याला आस्मान दाखवलं की जिंकलं. पण दोघंही तुल्यबळ असले तर कुस्ती लांबत जाते आणि शेवटी बरोबरीत सोडवावी लागते. स्पर्धेत ते चालत नाही, तिथे दिवसभरात अनेक कुस्त्या निकाली काढायच्या असतात.

म्हणून वेळ ठरली. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाईल कुस्तीत ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. या ६ मिनिटांत चितपट झाली नाही, तर जास्त गुण ज्याचे तो जिंकतो. गुण देण्यामागचा विचार साधा आहे. तुम्ही समोरच्याला चितपट करण्याच्या जितके जवळ गेलात, तितके जास्त गुण.

चितपट म्हणजे नक्की काय?

दोन्ही खांदे, म्हणजे पाठीची दोन्ही खवाटी, एकाच वेळी गादीला टेकली पाहिजेत आणि पंचाला ते स्पष्ट दिसेल इतका क्षण तरी टेकलेली राहिली पाहिजेत. एक खांदा टेकला आणि दुसरा हवेत असेल, तर चितपट नाही.

चितपट झाली की गुणफलकाला काही अर्थ उरत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटाच्या सेमीफायनलला रवी दहिया कझाकस्तानच्या नूरिस्लाम सानायेव्हविरुद्ध २-९ असा मागे होता. शेवटच्या मिनिटात रवीने त्याला चितपट केलं आणि थेट फायनल गाठली. सानायेव्हचे ९ गुण कागदावरच राहिले.

१, २, ४ आणि ५ चा हिशोब

१ गुण: समोरच्याचा एक पाय पूर्णपणे वर्तुळाबाहेर गेला तर. लढतीचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं असतं आणि त्याच्या आतल्या कडेला १ मीटर रुंदीचा रंगीत पट्टा असतो. पट्ट्यावर पाय असेपर्यंत काही होत नाही, तो ओलांडला की गुण जातो. खाली दाबला गेलेला पैलवान निसटून वर आला आणि त्यानेच ताबा घेतला, तरीही त्याला १ गुण मिळतो.

२ गुण: पट काढून समोरच्याला खाली आणलं आणि मागून ताबा घेतला तर. खाली आणल्यावर कमरेला विळखा घालून किंवा पाय आवळून त्याला फिरवलं आणि त्याची पाठ गादीकडे वळली, तरी प्रत्येक वेळी २ गुण. म्हणूनच गुणफलक कधीकधी १५ सेकंदांत ०-० वरून ८-० होतो.

४ गुण: उभ्या कुस्तीतून डाव मारून समोरच्याला थेट धोक्याच्या स्थितीत पाडलं तर.

५ गुण: समोरच्याला उचलून हवेत मोठी कमान करत फेकलं आणि तो थेट पाठीवर, म्हणजे धोक्याच्या स्थितीत आला तर. अशी मोठी फेक झाली पण पाठ दिसली नाही, तर ५ ऐवजी ४.

एकाची आघाडी १० गुणांची झाली की कुस्ती तिथेच थांबते. याला तांत्रिक गुणाधिक्याचा विजय म्हणतात. ग्रीको-रोमन प्रकारात, जिथे कमरेखाली पकड करता येत नाही, तिथे ८ गुणांची आघाडी पुरते.

‘धोक्याची स्थिती’ म्हणजे काय?

सिकंदरच्या कुस्तीचा सगळा वाद या दोन शब्दांत होता.

पैलवानाची पाठ गादीकडे वळली आणि पाठ व गादी यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी झाला, की तो धोक्याच्या स्थितीत आहे असं मानतात. खांदे टेकलेले नसतात, पण टेकू शकतात. तो मान, कोपर किंवा खांद्याच्या जोरावर चितपट टाळत असतो.

आता बाहेरची टांग आठवा. पाय अडकवून समोरच्याला मागे पाडायचं. तो पाठीवर पडला तर ४ गुण. पडताना वळून पोटावर किंवा गुडघ्यांवर आला आणि मग ताबा गेला, तर २. हे वळणं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. २०२३ मध्ये दोन्ही बाजूंचे लोक एकच क्लिप बघत होते. एका बाजूला सिकंदरची पाठ वळलेली दिसत होती, दुसऱ्या बाजूला तो कुशीवर पडलेला.

नुसतं बचाव करत उभं राहिलं तर?

तेही चालत नाही. जो पैलवान डाव टाकत नाही, त्याला पंच आधी तोंडी समज देतात. तरीही फरक पडला नाही तर ३० सेकंदांचं घड्याळ लागतं. त्या वेळेत दोघांपैकी कुणीच गुण घेतला नाही, तर समोरच्याला १ गुण मिळतो.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाट विरुद्ध युई सुसाकी या कुस्तीत हेच झालं. सुसाकी टोकियोची सुवर्णपदक विजेती. विनेश बचाव करत राहिली आणि असे दोन गुण सुसाकीला गेले. ०-२. शेवटचे काही सेकंद राहिले असताना विनेशने सुसाकीला खाली आणून २ गुण घेतले. २-२.

जपानने चॅलेंज केलं, ते फेटाळलं गेलं. विनेशला आणखी १ गुण मिळाला आणि ती ३-२ ने जिंकली.

चॅलेंज कसं चालतं?

निर्णय पटला नाही तर पैलवानाचा प्रशिक्षक काही सेकंदांच्या आत चॅलेंज मागू शकतो. त्यासाठी स्पंजची वस्तू गादीवर टाकतात. मग व्हिडिओ पाहिला जातो. चॅलेंज बरोबर निघालं तर निर्णय बदलतो आणि पुन्हा चॅलेंज करायची संधी शिल्लक राहते. चुकलं तर संधी जाते, वर समोरच्याला १ गुण. त्यामुळे रागाच्या भरात स्पंज फेकणं महागात पडतं. प्रशिक्षकाने फेकलेलं चॅलेंज पैलवान स्वतःही नाकारू शकतो.

बरोबरी झाली तर?

विनेशच्या कुस्तीत जपानने चॅलेंज केलंच नसतं, तरी २-२ वर विनेशच जिंकली असती. कारण बरोबरीत आधी पाहतात की सर्वात मोठा डाव कुणाचा. विनेशचे २ गुण एका डावाचे होते, सुसाकीचे १-१ करून आलेले.

तिथेही बरोबरी असेल तर कुणाला ताकीद कमी मिळाल्या ते पाहतात. तेही सारखं असेल तर शेवटचा गुण ज्याचा, तो जिंकतो. त्याच ऑलिंपिकमध्ये ७६ किलो गटात रितिका हुड्डा किर्गिझस्तानच्या आयपेरी मेदेत किझीविरुद्ध १-१ अशा बरोबरीत होती. शेवटचा गुण आयपेरीचा होता, रितिका हरली.

मग चूक कुणाची?

गुण एकटा पंच देत नाही. गादीवर फिरणारा पंच असतो, कडेला बसलेला न्यायाधीश असतो आणि टेबलावर मॅट चेअरमन. पंचाच्या एका मनगटावर लाल आणि दुसऱ्यावर निळी पट्टी असते, ज्या रंगाचा हात वर जातो त्या पैलवानाला गुण. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं की गुण पक्का. चितपटवरही एकट्या पंचाची शिट्टी पुरत नाही, दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते.

याचा अर्थ निर्णय कधीच चुकत नाही असं नाही. म्हणून तर चॅलेंजचा नियम आला. पण प्रेक्षकाच्या मोबाईलमधला व्हिडिओ एकाच बाजूने काढलेला असतो. त्या बाजूने खांदा टेकलेला दिसतो, समोरून तोच खांदा चार बोटं वर असू शकतो.

आणि पणाला बरंच काही असतं. प्रत्येकी तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. तालमीत वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्या पोराला आणि त्याच्या खुराकासाठी पैसे उभे करणाऱ्या घराला २ आणि ४ मधला फरक आयुष्यभर पुरतो. पैलवानाचा राग त्यातून येतो. पण पंचावर हात टाकला की गुण परत मिळत नाहीत, उमेदीची तीन वर्षं मात्र जातात.

पुढच्या वेळी अशी क्लिप आली की कमेंट करण्याआधी तीन गोष्टी बघा. डाव उभ्यातून सुरू झाला की खालून? पडताना पाठ गादीकडे वळली की पोट? आणि टेकला तो एक खांदा की दोन्ही? आणि क्लिपमध्ये हे दिसतच नसेल, तर ती पुढे पाठवायच्या आधी दुसऱ्या बाजूचा व्हिडिओ शोधा.