ताण सांगणारा प्रकाश

अलोरे हे रत्नागिरी जिल्ह्यातील, कोयना प्रकल्पाच्या परिसरातील गाव. ११ डिसेंबर १९६७ रोजी हा परिसर भूकंपाने हादरला. अनेकांचे प्राण गेले आणि घाटापलीकडील कोयना धरणाच्या काँक्रीटला तडे पडले. तडा दिसतो, तो पदार्थ आतून तुटल्यावर. मग आतील ताण आधी कसा ओळखावा?

रबर, प्लॅस्टिक यांसारख्या बहुवारिकांपुरते याचे एक उत्तर सापडले आहे. बहुवारिक म्हणजे लहान रेणू एकास एक जोडून झालेली लांब साखळी. २०१२ साली नेदरलंड्समधील आइंटहोवन येथील शास्त्रज्ञांनी तीत डायऑक्सेटेन नावाचा कच्चा दुवा गुंफला. पदार्थ ताणला, की हा दुवा इतरांआधी तुटतो आणि तुटताना निळसर प्रकाश देतो. कॅमेरा तो टिपतो. ताण कोठे वाढला, हे तडा दिसण्यापूर्वीच कळते.